खांबाखालचं मूळ

त्या घराने आर्किटेक्टचं नाव झालं होतं. जंगलातल्या उतारावर एकात एक घुसलेले काँक्रीटचे ठोकळे, लाल पोलादी खांब, तिरका जिना. तुळया, बोल्ट सगळं उघडं. बांधणी लपवायची नाही, ही त्याच्या शैलीची शपथच. आणि मधोमध, गच्चीला भोक ठेवून वर जाऊ दिलेलं एक जुनं, दोघांच्या कवेत न मावणारं झाड. एकही झाड न तोडता बांधलेलं घर म्हणून मासिकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं.

सात वर्षांनी मालकीणबाईंचा फोन आला. "झाड वाळतंय हो. येऊन बघता का?"

त्याला लगेच ते मूळ आठवलं. पाया खोदताना एका खांबाच्या खड्ड्यात मांडीएवढं मूळ आडवं आलं होतं. मिस्त्री म्हणाला होता, "साहेब, हे तोडलं तर झाड आज ना उद्या जाणार. खांब चार फूट सरकवा." पण खांब सरकवला की दर्शनी बाजूची सगळी रेषाच बिघडत होती. "तोड," तो म्हणाला होता. "जमिनीखालचं कोण बघतंय?"

मालकीणबाई डॉक्टरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी त्याला थेट झाडापाशी नेलं. अर्ध्या फांद्या उघड्याबोडक्या. हात लावला तर साल हातात आली.

"माझ्या धाकट्या भावाचे उद्योग," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी राहायला आला आणि बुंध्याभोवती फरशी घालून बसला. मी त्याला नाही नाही ते बोलले. फरशी उखडली, पण तेव्हापासून त्याचा फोन उचलला नाही मी. फरशीनेच झालं ना हे?"

"होतं असं कधी कधी," तो बोलून गेला.

"बरं झालं तुम्ही सांगितलंत. वाटायचं, उगाच तर त्याला तोडून बोलले नाही ना."

तो गाडीत जाऊन बसला. किल्ली लावली, पण फिरवायला हात धजेना. शेवटी उतरला, परत आला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं; मूळ, मिस्त्री, चार फूट. मघाचं खोटंही.

बाईंनी भावाचा नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. "मला काय सांगताय? त्याला सांगा."

पलीकडून घाईघाईने आवाज आला, "ताई? बरी आहेस ना तू?"

"ताई नाही. मी... घर बांधणारा," तो म्हणाला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"ताईकडे द्या," एवढंच भाऊ म्हणाला. फोन घेऊन बाई पाठमोऱ्या झाल्या. त्यांचे खांदे हलत होते. तो निघून आला.

झाड वाचणार नव्हतं. छपरावर पडायच्या आत पुढच्या महिन्यात ते उतरवावं लागलं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो गेला. बहीणभाऊ एकमेकांना खेटून उभे होते. तो दिवसभर मजुरांबरोबर फांद्या ओढत राहिला, हात सोलवटले. निघताना त्याने हात पुढे केला. भावाने तो धरला. बाईंनी नाही.