खडीतला घायपात

मी एक जुना घायपात आहे. जाड पानांचा, टोकाटोकाला काटे असलेला. मित्रांनो, मला कुणी गुलाबासारखं कुरवाळत नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे, आणि माझ्याकडे वेळ थोडा आहे.

मला लावलं एका शिंप्याने. इथे थंडीत बादलीतलं पाणी दगड होतं. हे खूळ पहिल्याच हिवाळ्यात मरणार, असं शेजारी म्हणाले. शिंप्याने मातीत निम्मी खडी मिसळली, उंचवटा केला आणि मला जरा कलता बसवला, म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी साचू नये. थंडी सुरू झाली की तो माझं पाणी तोडायचा. मी सुरकुतायचो आणि त्यामुळेच तगायचो. अंगात पाणी कमी, तर गोठायलाही कमी. पुढे माझ्या पायाशी पिल्लं फुटली, तेव्हा त्याच शेजाऱ्यांनी ती मागून नेली. शिंपी मिशीतल्या मिशीत हसला.

यंदा त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. लेक नोकरी सोडून सेवेला आली. पोर गुणाची आहे. बापाला भरवते, कूस बदलते. माझी सुरकुतलेली पानं पाहून तिला वाटलं, मी तहानेने मरतोय. बाबांचं झाड आपल्या हातून मरायला नको, असं ती शेजारणीला म्हणाली. तेव्हापासून रोज बादलीभर पाणी, आणि थंडी लागू नये म्हणून वर प्लास्टिक. आत मला घाम फुटतो. मुळं कुजू लागली आहेत. मी ओरडतो, पण आमचं ओरडणं म्हणजे पान पिवळं पडणं. ते दिसलं की ती आणखी पाणी घालते.

काल शिंप्याने खाटेवरून हे पाहिलं. डाव्या हाताने तो खिडकीच्या काचेवर मारू लागला, मारतच राहिला. लेक आत धावली.

"थंडी वाजतेय का, बाबा?"

त्याने जोरजोरात मान हलवली, माझ्याकडे बोट केलं. त्याला रडू फुटलं.

"कळलं मला. झाडाची काळजी वाटते ना? घालते हो पाणी. एक दिवसही विसरणार नाही."

तिने त्याचे डोळे पुसले, पडदा ओढला आणि बादली घेऊन बाहेर आली.

मित्रांनो, ज्याच्यावर माया करायची, त्याला काय सोसतं ते आधी जाणून घ्या. आणि कुणी या रस्त्याने जात असाल, तर कुंपणावरून तिला एवढं सांगा, पाणी थांबव आणि प्लास्टिक काढ. माझा गाभा अजून घट्ट आहे. पण आजच सांगा.