कुशाबाईच्या कळपाची हाळी

सिद्धू पहिल्यांदा बावड्याला आला तेव्हाच कुशाबाईनं त्याला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं आणि केसांपाशी तिची नजर अडकली. खांद्यापर्यंत मोकळे सोडलेले. नवसाच्या पोराचे असतात तसे, पण नवस फेडायचं वय कधीच टळून गेलेलं. नातू युवराज म्हणाला, हा बारामतीला माझ्याच कॉलेजात हाय, आमी मिळून गिटारवर गाणी करतो. कुशाबाई म्हणाली, करा की. पण त्यासाठी दर रविवारी बावड्याला कशाला यावं लागतं, ते तिला कळेना.

मग कळलं. पोरगं चहा प्यायचं आणि सरळ मेंढरांकडं. कळप परतायच्या वेळेला बांधावर जाऊन बसायचं. कुशाबाईनं मेंढरांना बोलवायची हाळी घातली की मान वाकडी करून ऐकायचं आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी घोळवत राहायचं.

घराला कडीकोयंडा तशी कळपाला हाळी. प्रत्येक घराची वेगळी. कुशाबाईच्या सासऱ्यानं ती तिच्या नवऱ्याला, दत्तोबाला दिली, आणि त्यानं डोळे मिटायच्या आधी तिला. पोटच्या लेकीलासुद्धा शिकवायची नाही, कारण लेक परक्या घरी जाते. हाळी चोराच्या तोंडी बसली की त्याला कळपाभोवतीची जाळी तोडावी लागत नाही. मेंढरं आपल्या पायानं त्याच्या मागं जातात आणि कुत्रं शेपूट हलवत त्यांना वाटेला लावून येतं. तिच्या मामाचा अख्खा कळप असाच गेला होता. आता घरात ऊस आला होता, पोरं ट्रॅक्टरवर बसली होती, कळप आटून थोडका उरला होता. तरी तो तिचा होता, आणि एवढ्या घरात तेवढीच गोष्ट तिची होती.

तिनं युवराजला गोठ्यात गाठलं आणि खरं सांग म्हणाली. त्यानं सांगितलं ते तिला चोरीपेक्षा वाईट वाटलं. कॉलेजच्या गॅदरिंगला या दोघांनी गाणं वाजवलं, तर पोरांनी शिट्ट्या मारून खाली उतरवलं. आवाज ढीगभर होता, पण घरी जाईस्तोवर कुणाच्या ध्यानात काही उरलं नाही. असल्या दणक्याच्या गाण्याला गिटारची एक छोटी चाल लागते, रहाटासारखी फिरून फिरून येणारी, एकदा कानात शिरली की न निघणारी. तशी चाल सिद्धूला आजीच्या हाळीत सापडली होती.

"म्हंजी सासऱ्याची हाळी तुमी क्यासेटीवर इकणार," कुशाबाई म्हणाली.

सिद्धू दाराशीच उभा होता. तारेवर आली की ती हाळी राहत नाही आजी, म्हणाला, कुणाला ओळखूसुद्धा येणार नाही.

"मानसाचं सोड. मेंढरांनी वळखली तर?"

तसं झालं तर गिटार विहिरीत टाकतो, असं पोरगं बोलून गेलं.

पुढच्या रविवारी विहिरीवरच्या मोटारीच्या खोपटातून वायर ओढून त्यांनी स्पीकरचं खोकं बांधावर ठेवलं. सिद्धूनं तारा छेडल्या आणि खडी फोडायची मशीन सुरू व्हावी तसा आवाज उठला. त्यात हाळी होती. कुशाबाईला ती लगेच कळली. पण मेंढरं बिचकून पार पलीकडच्या उसाच्या कडेला जाऊन उभी राहिली. बांडी, सगळ्या कळपाला पुढं घालून चालणारी जुनी मेंढी, तिनं तर पाठच फिरवली.

खरं म्हणजे कुशाबाईनं तिथंच पदर झटकून घरी जायला हवं होतं. काम झालं होतं, कळप सुखरूप होता. पण पोरगं वाजवतच राहिलं, एकाला एक जोडून, मधे फट म्हणून नाही. सासऱ्याची हाळी अशी तिच्यादेखत तुडवली जात होती. तिच्यानं राहवलं नाही.

"थांब की मुडद्या. हाळी घातली की गप ऱ्हायचं. बांडी जाब देती, मग पुढचं. तू तर दुसऱ्याला बोलूच दीना. एकट्यानंच बडबडायचं आसंल तर हाक कशाला मारतो?"

सिद्धूनं तिच्याकडं बघितलं. मग पुन्हा तारा छेडल्या आणि पंजा टाकून आवाज जागच्या जागी दाबला. नुसती खोक्याची घुरघुर राहिली. तेवढ्यात उसाच्या कडेनं बांडीनं बें केलं. सिद्धूनं जाड तार दोनदा वाजवली, धम्म, धम्म.

अख्खा कळप निघाला. कुशाबाईला वळसा घालून, तिच्याकडं न बघता, मेंढरं खोक्याभोवती येऊन उभी राहिली. कुत्रं शेपूट हलवत मागं.

सिद्धूनं बोलल्याप्रमाणं गिटार गळ्यातून काढून पुढं धरली. कुशाबाईनं हात लावला नाही. हाळी काय तारेत नव्हती, आता ती पोराच्या डोक्यात गेली होती, आणि कुलपाची किल्ली तिनंच फिरवून दाखवली होती.

"इहिरीत टाकायचं तर तुझं डोस्कं टाकावं लागंल," ती म्हणाली. "जा. वाजव जा. मी हाळी बदलती."

बोलणं सोपं होतं. तिनं लांब हाळी करून बघितली, तर सकाळची संध्याकाळी तिलाच आठवेना. गोड केली तर मेंढरांनी चरणं सोडलं नाही. एक बरी जमली म्हणावी, तर ती शेजारच्या तात्याबाच्या हाळीसारखी निघाली. अशी ती दिवसभर रानात घसा खाकरत फिरायची, आणि सून म्हणायची, आत्याबाईंना पडसं झालंय.

एका संध्याकाळी चिडून तिच्या गळ्यातून भलतंच निघालं. पोटातून, जाड, दोनदा. धम्म, धम्म. त्या पोराची जाड तार. मग सवयीनं ती गप राहिली.

बांडीनं मान वर केली आणि जाब दिला.

कुशाबाईनं आधी मागं वळून बांध बघितला, मग उसात वाकून बघितलं, मोटारीच्या खोपटाचं दारसुद्धा ढकलून बघितलं. कुणी ऐकलेलं नव्हतं. तरी पदर तोंडावर धरूनच तिनं पुन्हा हाळी घातली.