दोन अ‍ॅक्सल की तीन

"तीनचा ट्रेलर घे. माझं ऐक जोसी, तीनचाच घे." डॉर्लीनने सकाळपासून हाच घोशा लावला होता.

"अगं आई, आपली गाडी केवढीशी! तीन अ‍ॅक्सल म्हणजे सहा चाकं. वळताना टायर घासून घासून खलास. दोन भरपूर झाले."

जोसीला नुकतंच एकविसावं लागलं होतं. शनिवारी ती आपली रेसची गाडी घेऊन रॉक स्प्रिंग्जच्या रेसला निघणार होती, तीही एकटी. आजवर गाडी ओढून न्यायला बाप असायचा. औंदा तो नॉर्थ डकोटात तेलविहिरीवर अडकलेला. रेसची डॉर्लीनला तेवढी धास्ती नव्हती. तिथे निदान हेल्मेट असतं, पट्टे असतात. तिची झोप उडवली होती ती वायोमिंगच्या हमरस्त्याने. तिथला मेला वारा मोठमोठे मालट्रक आडवे पाडतो, आणि गाडी आत घालून ओढायचा बंद ट्रेलर म्हणजे तर चालती भिंतच. जितकी चाकं जास्त तितकी पोरगी जमिनीला धरून राहील, एवढंच तिचं गणित.

"भांडू नका बुवा," ट्रेलर विकणारा मर्ल म्हणाला. "हा दोनचा जोडून देतो. तुमची गाडी, सामान आत भरा, पुढच्या फाट्यापर्यंत नेऊन आणा, मग ठरवा."

पिकअप जोसी चालवत होती, डॉर्लीन शेजारी जीव मुठीत धरून. सुरुवातीला सगळं ठीक चाललं. मग उतार लागला. एक मालट्रक शेजारून सुसाट गेला आणि त्याच्या पाठोपाठ वाऱ्याचा तडाखा बसला. कोणीतरी मागून खेचावं तसा पिकअपला हिसडा बसला. लगेच दुसरा, उलट्या बाजूला. आरशात ट्रेलरची डावी भिंत दिसली, मग उजवी. प्रत्येक झोला आधीच्यापेक्षा मोठा.

"ब्रेक! जोसी, ब्रेक मार! अगं मार ना!" डॉर्लीनने स्टिअरिंगकडे हात टाकला.

"हात काढ आधी!" जोसी किंचाळली. आईवर ती जन्मात अशी ओरडली नव्हती. तिने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, पण ब्रेकला लावलाच नाही. स्टिअरिंग सरळ आवळून धरलं आणि डॅशबोर्डखालची, फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणारी पट्टी बोटांनी दाबली. ट्रेलर मागे ताणला गेला, आणखी एकदा डुलला आणि मग मुकाट मागून येऊ लागला.

फाट्यावरच्या पेट्रोलपंपामागे जोसीने गाडी लावली. ती उतरली, ट्रेलरचं मागचं दार खाली सोडलं आणि तिथेच थबकली.

"हे सगळं इथे कुणी ठेवलं?"

चार जादा चाकं, जॅक, हत्यारांची पेटी, जनरेटर. सगळं अगदी दाराशी. डॉर्लीनला चटकन उमगलं. मागे वजन पडलं की ट्रेलर शेपूट हलवणारच, मग चाकं चार असोत नाहीतर सहा. नवऱ्याने हे घरात दहादा सांगितलं होतं. जोसी गाडीचे पट्टे आवळत होती, तेवढ्यात हिनेच मर्लच्या माणसाला धरून सामान तिथे रचलं होतं. मर्लच्या माणसावर ढकलून देता आलं असतं.

"मी," ती म्हणाली. "तुला एकटीला उतरवायला हाताशी बरं पडेल म्हणून."

जोसीने नुसता जॅक उचलला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दोघींनी सगळं उचलून बाजूच्या दाराने ट्रेलरच्या पुढच्या टोकाशी नेलं, बांधलं. मग जोसीने किल्ली पुढे केली.

"तू चालव. आणि घेऊ तुझा तीनचा. खरं सांगू? शनिवारी मी जातच नाही."

महिनाभर डॉर्लीन याच वाक्यासाठी तळमळत होती. नुसतं 'बरं' म्हटलं की पोरगी घरात. हा शनिवार, पुढचा शनिवार, सगळेच. तिने जोसीकडे पाहिलं. पोरीच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि ती हिनेच तिला दिलेली होती. आपण हे काय करून ठेवलं, असं तिला झालं.

"मी नाही चालवत," ती म्हणाली. "मी असते तर पायाने करकचून ब्रेक मारला असता आणि आता आपण दोघी खड्ड्यात असतो. आपल्याला वाचवलं कुणी? बस तिकडे. दोनचाच घ्यायचाय आपल्याला."

जोसीने पुढे केलेली किल्ली मागे घेतली. मग बसली.

हमरस्त्याला लागल्यावर डॉर्लीनने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून टाकले, पुन्हा स्टिअरिंगकडे जाऊ नयेत म्हणून. शेजारून मालट्रक गेला. वारा धाडकन आदळला. किंकाळी तिच्या अगदी ओठांवर आली.

"वेग धर की गं," ती म्हणाली. "अशी रांगत गेलीस तर रेस संपल्यावर पोचशील."