लंकाबाईच्या समोरचं पुस्तक

मी भडकले कशावरून ते कळायचं तर आधी माझ्या वहीबद्दल सांगायला हवं.

आमचं दुकान जुन्नरच्या बाजारपेठेत. पूर्वी कॅसेटचं होतं, आता मोबाइलच्या कव्हरांचं आहे, पण काउंटरमागे टेपरेकॉर्डर अजून आहे आणि त्याला अब्बांशिवाय कुणी हात लावायचा नाही. अब्बा म्हणजे रहमतुल्ला. त्यांचा दुकानात एकच कायदा: कॅसेट ऐकायला बसलात तर एक बाजू पुरी ऐकायची, अधेमधे उठायचं नाही, बोलायचं नाही. गिऱ्हाईक असो की तहसीलदार. एकोणिसाव्या वर्षी माझं कॉलेज सुटलं, मी दुकानात बसायला लागले आणि तो कायदा माझ्याही डोक्यावर बसला. नुसतं गप्प बसून करणार काय? मी पुस्तक घेऊन बसायला लागले. बाजू सुरू झाली की वाचायचं, बाजू संपून खटका पडला की पुस्तक मिटायचं आणि वही उघडायची. डाव्या पानावर पुस्तकाचं टिपण, उजव्या पानावर त्या कॅसेटचं परीक्षण.

सतरा वर्षं झाली. दोन्ही पानं एकमेकांशी बोलतात, भांडतात. एका प्रवासवर्णनासमोर मी वगाच्या कॅसेटबद्दल लिहिलंय, 'लेखक घाट चढून गेला तरी दमत नाही, माझा नाही विश्वास. ढोलकीवाला तिसऱ्या कडव्यात दमतो, म्हणून तो मला खरा वाटतो.' असलं सगळं. कुणाला दाखवायचं म्हणून लिहिलं नव्हतं.

तर आमच्या वाचनालयाचे भगवंत सर, निवृत्त मास्तर, वाचकमंडळ तेच चालवतात. दरवर्षी वर्धापनदिनाला एका सभासदाची वाचनटिपणं पुस्तिका म्हणून छापतात. यंदा सरांनी माझी वही नेली आणि पंधरा दिवसांनी निरोप आला की तुझी टिपणं घेतोय. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी बारावी नापास. माझं नाव छापील अक्षरात एकदाच, लग्नपत्रिकेवर आलं होतं, ते लग्नही टिकलं नाही. हे मला हवंच होतं, अगदी हावरटासारखं हवं होतं.

मग सरांनी अट सांगितली. उजवी पानं काढायची. ही वाचनाची पुस्तिका आहे, गाण्याबजावण्याची नाही, असं समितीचं म्हणणं पडलं. त्यातून लावण्या काय, कव्वाल्या काय, शेतातली गाणी काय, वाचनालयाला शोभायला नको का? मी वही परत घेऊन निघाले. घरी येऊन भांडी आपटली. आणि दुसऱ्या दिवशी, लाज वाटते सांगायला, नवी वही आणून नुसती डावी पानं उतरवायला बसले. अकरा टिपणं उतरवली. वाचून बघितली तर मीठ घालायचं राहिलेलं पिठलं. तरी मी बारावं सुरू केलं.

ते बारावं चालू असतानाच बाजारच्या दिवशी गोजरबाई दुकानात आली. ही घाटघरची. हिची आई लंकाबाई म्हणजे आवणीच्या गाण्यांची खाण. भाताची रोपं लावताना बायका ओळीनं वाकून गातात, त्यात पुढचा आवाज कायम लंकाबाईचा. मी शाळेत होते तेव्हा अब्बांनी तिला नि चार बायकांना दुकानात बसवून, शटर अर्धं ओढून, एक कॅसेट भरली होती. तिच्या दोनच प्रती निघाल्या. एक लंकाबाईला दिली, एक आमच्याकडे राहिली.

लंकाबाई गेल्या चैत्रात वारली. गोजरबाईनं पिशवीतून कॅसेट काढली, तर फितीवर पांढरी बुरशी. घाटघरच्या ओलीत दुसरं काय होणार! अब्बांनी ती उन्हाकडे धरली आणि मान हलवली.

गोजरबाई म्हणाली की आवणी तोंडावर आलीय. आईच्या माघारी बायका तिच्याकडं बघतात. तीन गाणी येतात, चौथ्यात सगळ्या अडकतात. चाल येते, पण शब्द येत नाहीत, आणि चौथं मधेच सोडलं तर बायका पुढं गातच नाहीत, मुकाट्यानं रोपं लावतात. "आई गेली ती गेली. पर आवणी मुकी व्हऊ द्यायची न्हाई मला," ती म्हणाली. "तुमच्याकडची काडा, रहमतभाई."

मी पेन खाली ठेवलं. कारण आमच्याकडची कॅसेट कुठे आहे आणि तिच्यात काय आहे, हे जगात फक्त मला माहीत होतं.

भरलेली कॅसेट कुणी पुसू नये म्हणून तिच्या पाठीवरच्या दोन टिकल्या मोडतात. अब्बांनी मोडल्या होत्या. पण ती भोकं चिकटपट्टीनं बुजवली की कॅसेट पुन्हा भरता येते, हे आमच्या धंद्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक. कोऱ्या कॅसेट मिळेनाशा झाल्या त्या वर्षी रेडिओवर एक कादंबरी वाचून दाखवत होते. मला शेवटचं प्रकरण ठेवायचं होतं. अब्बा दुकानात नसताना हाताला आली ती कॅसेट घेतली आणि तिच्यावर भरलं. लंकाबाईची बाजू पुरी ऐकून, तिचं कौतुक वहीत लिहून आठवडासुद्धा झाला नव्हता.

अब्बांनी खोक्यातून कॅसेट शोधली, घातली, बटण दाबलं. एक गृहस्थ संथपणे कादंबरी वाचू लागला. अब्बांनी कॅसेट बाहेर काढून पाठीवरची चिकटपट्टी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"मी भरली," मी म्हणाले.

"ती बाई डोंगर उतरून आली होती," अब्बा म्हणाले, "आणि तू तिच्या तोंडाला पट्टी लावलीस?"

गोजरबाईनं बुरशी आलेली कॅसेट परत पिशवीत ठेवली आणि उठली. मला रडू फुटलं, पण रडून काय होणार होतं? मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. काउंटरवर दोन वह्या होत्या. नव्या वहीत लंकाबाई नव्हतीच. तिथे बारावं टिपण अर्धं लिहून झालं होतं, नवऱ्यानं टाकलेल्या एका बाईच्या आत्मचरित्राचं. मी जुनी वही ओढली आणि तेच टिपण काढलं. त्याच्या समोर उजव्या पानावर लंकाबाई होती. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. पुस्तकासाठी मी या बाईला एकदा पुसलं होतं, आणि आता छापून यायचं म्हणून दुसऱ्यांदा पुसत होते.

मी वाचायला लागले. पहिलं गाणं कसं संथ, दुसऱ्यात कुणाचं तरी मूल कसं किरकिरतं, तिसरं कशाचं. मग, 'चौथं नीट कळलं नाही म्हणून तीनदा ऐकलं. शब्द उतरवून ठेवते.' आणि खाली सगळे शब्द.

चिखलात माझा पाय, चित्त माहेराच्या बांधाला,
भाऊ दिसंना वाटंवर, इरलं जड झालं खांद्याला.

गोजरबाईच्या ओठांची हालचाल सुरू झाली. मी पुढे वाचलं, 'इथे लंकाबाई श्वास घेत नाही. मागची एक बाई घेते आणि मागे पडते.'

"ती मी," गोजरबाई म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गायला सुरुवात केली. भर बाजारात, शटर सताड उघडं. मी शब्द वाचत होते, ती उचलत होती. अब्बांनी चिकटपट्टीवाली कॅसेट पुन्हा आत घातली आणि भरायचं लाल बटण दाबलं. ती बाजू संपेपर्यंत कव्हर मागायला आलेली तीन गिऱ्हाइकं त्यांनी हाताच्या इशाऱ्यानं गप्प उभी केली.

संध्याकाळी मी नवी वही घरी ठेवली आणि जुनी घेऊन वाचनालयात गेले. सरांना म्हटलं, "छापायची तर दोन्ही पानं छापा. एक छापायचं असेल तर मला माफ करा." सरांनी बराच वेळ समजावलं. असा मान पुन्हा मिळायचा नाही, समिती काय म्हणेल, उगाच हट्ट कशाला. मी ऐकून घेतलं आणि वही पिशवीत टाकली. यंदाची पुस्तिका दुसऱ्या कुणाची तरी निघाली. वाईट वाटलं का? वाटलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन सगळ्या वहीच्या पाच प्रती काढल्या, दोन्ही पानं समोरासमोर येतील अशा शिवून घेतल्या आणि एक एसटीनं घाटघरला धाडली.

आवणी उरकल्यावर गोजरबाई सुनेला, मोहिनीला, घेऊन आली. चौथं गाणं कुठंच अडलं नाही, म्हणाली. बांधापलीकडच्या बायकांनीसुद्धा उचललं. अब्बांना फार बरं वाटलं, त्यांनी चहा मागवला. पण गोजरबाईला चहात रस नव्हता. तिचं काम वेगळंच होतं.

"आईचं पान आमाला पाठ झालं," ती म्हणाली. "आता मोहिनी रोज समोरचं वाचून दावती. त्या बाईला नवऱ्यानं टाकली, मंग फुडं तिनं काय केलं? तू लिवलंच न्हाईस."

मी त्या दोघींना वाचनालयात घेऊन गेले. भगवंत सर टेबलाशी होते. त्यांनी मोहिनीचा सभासदाचा अर्ज भरून घेतला आणि विचारलं, कोणतं पुस्तक हवंय? मोहिनी माझ्याकडे बघायला लागली. गोजरबाई मात्र पुढे झाली.

"माज्या आईच्या समोरचं द्या," ती म्हणाली.

सरांना काही उमजेना. मी पिशवीतून वही काढली आणि त्यांच्यापुढे उघडून ठेवली. पुस्तकाचं नाव डाव्या पानावर अगदी वर होतं. सरांनी चष्मा लावला, नाव वाचलं आणि तरी वही मिटली नाही. ते उजवं पान वाचत होते, आणि चौथ्या गाण्याशी आल्यावर गोजरबाई त्यांना हळूच चाल सांगायला लागली.