सोन्यासारखी वाळू

घर बांधण्याआधी दादाने प्लॉटवरची मूठभर वाळू रुमालात बांधून बहिणीकडे आणली होती. माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत तिची उभी हयात गेलेली. तिने ती बोटांत चोळून पाहिली. गोल, एकसारखे, स्वच्छ दाणे. "सोन्यासारखी आहे रे, बांध बिनघोर!" गिलाव्याच्या वाळूला म्हणावं तसं ती म्हणून गेली. खाली पाणी किती खोल आहे, हे या शहाणीने विचारलंसुद्धा नाही.

भूकंपात ते घर दादासकट जमिनीत रुतलं.

आज तिथलीच ओली वाळू तिने रबरी पिशवीत सैल भरली आणि यंत्रावर हलवली. अकराव्या हिसक्याला वाळूचं पाणी झालं. गोल, एकसारखे दाणे सैल आणि ओले असले की असंच होतं, हे ती दरवर्षी नवख्यांना शिकवायची. मग तीच वाळू तिने ठोकून ठोकून घट्ट भरली. दोनशे हिसके खाऊनही ती ढिम्म हलली नाही.

नुसतं "जमीन ठोकून घे" म्हणायचं होतं.

फोन वाजला. वहिनी होती.

"वन्सं, वाळूतच खोट होती का हो?"

"नाही वहिनी," ती म्हणाली. "वाळू सोन्यासारखी होती."