हवा कुठे जाते

विसरवाडीच्या फाट्यावर हिलाल मिस्तरीचं गॅरेज आहे. पत्र्याचं छप्पर, पुढे दोन ट्रक उभे राहतील एवढी जागा, मागे पाण्याचा हौद. हिलाल मूळचा प्रकाशा गावचा. भाऊ केळी-पपईच्या शेतीत रमले, हा पान्यात रमला. पस्तीस वर्षं झाली. सुरत-धुळे हायवेवरचे ड्रायव्हर त्याला नावाने कमी आणि 'कानवाले आप्पा' म्हणून जास्त ओळखायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, तीन नंबरचा इंजेक्टर गेला. खोलून पाहिलं तर तीन नंबरचाच निघायचा.

पण दोन वर्षांपासून हा कान दगा देऊ लागला होता. इंजिनची धडधड ऐकू यायची, माणसं समोरून बोलली तर तेही कळायचं. बारीक आवाज मात्र एकेक करून गेले. आधी मोबाइलची घंटी गेली, मग पाखरं. एका सकाळी गजराबाई कुकर उतरवता उतरवता नवऱ्याला म्हणाली, "सात शिट्ट्या व्हयन्यात. तुम्ही कुकरजोडेच बठेल व्हतात." हिलालने पेपर आणखी वर धरला. गजराबाई त्याला नंदुरबारला कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणायची आणि तो पुढच्या सोमवारी जाऊ म्हणायचा. गॅरेजात त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. स्क्रूड्रायव्हर कानाला लावणं सुरूच होतं. निदान तो अनुभवावर करायचा आणि बऱ्याचदा ते बरोबरही यायचं.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. दानियल गावित आपला दहाचाकी ट्रक घेऊन आला. दानियल नवापूरकडच्या डोंगरातल्या गावचा, चाळिशीचा, मोजकं बोलणारा. घरी मावची, गुजरातेत गुजराती आणि हिलालआप्पाशी आश्रमशाळेत शिकलेली मराठी, असा त्याचा हिशेब. गुजरातेतून फरशीच्या पेट्या भरायच्या आणि धुळ्याला उतरवायच्या, हे त्याचं काम. गाडी त्याची स्वतःची.

"आप्पा, सपाटीला गाडी पळते," तो म्हणाला. "कोंडाईबारी घाटाचा चढ लागला की दम सोडते. काळा धूर, आणि दुसऱ्या गिअरवरसुद्धा रडते. तिकडे गुजरातेत एका वर्कशॉपला दाखवली. त्यांनी टर्बो नवा टाकला. फरक काही नाही."

टर्बो म्हणजे इंजिनची छाती. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर त्याचं पातं फिरतं आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त तर डिझेल पुरतं जळतं आणि ताकद मिळते. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं आणि काळा धूर होऊन निघून जातं. हे हिलालला तोंडपाठ होतं. त्याने एअर फिल्टर काढून पाहिला, टर्बोचं पातं बोटाने फिरवून पाहिलं, डिझेलचा फिल्टर बदलला, रबरी होजवरच्या पट्ट्या आवळल्या. मग दानियलला रेस करायला लावलं आणि बॉनेटजवळ मान वाकवून उभा राहिला. पूर्वी टर्बोच्या शिट्टीवरून त्याला सगळं कळायचं. आता नुसती धडधड आली.

"शिट्टी बरोबर आहे ना, आप्पा?"

"बरोबर शे," हिलाल म्हणाला. "जाय तू आते."

असं काम झाल्यावर हिलाल स्वतः गाडीत बसून घाटात ट्रायल घ्यायचा. ते त्याने कधीचंच सोडलं होतं. घाटात ड्रायव्हर विचारतात, ऐकलं का, काय वाटतं. त्यांना काय सांगायचं हा प्रश्न होता.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तोच ट्रक, भरलेल्या मालासकट, पुन्हा गॅरेजपुढे उभा राहिला. दानियल खाली उतरला. त्याच्या शर्टाची एक बाही कोपरापर्यंत मातीने भरली होती.

"घाटातल्या वळणावर बंद पडली," तो म्हणाला. "हँडब्रेक ओढला तरी हातभर मागे सरकली. मागे बस होती, आप्पा. क्लीनर नाही माझ्याकडे. बसच्या कंडक्टरने चाकाखाली दगड लावला म्हणून थांबली."

हिलाल बाकाकडे गेला. त्याने बाकावरचा तांब्या उचलला आणि तसाच ठेवला.

"चढावर शिट्टीच्या खाली दुसराच आवाज येतो," दानियल पुढे म्हणाला. "फुस्स असा. मला वाटलं, तुम्ही त्या दिवशी ऐकला असेल."

बोलणं टाळायला जागा होती. बॉनेट उघडायचं, पान्याचा आवाज करायचा, दानियल गप्प बसला असता. पण हातभर मागे सरकलेला ट्रक आणि त्यामागची बस हिलालच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"दानियल, माले शिट्टी आयकू येत नही," तो म्हणाला. "दोन वरीस व्हयनात. त्या दिन मी तुले खोटं सांगं."

दानियल रागावला नाही. रागावला असता तर हिलालला सोपं गेलं असतं. तो बाकावर बसला, बाहीची माती झटकली आणि म्हणाला, "मला ऐकू येतं. पण काय ऐकायचं ते मला कळत नाही."

"मंग ऱ्हाऊ दे आयकनं. डोया शेत, हात शेत. हवा कोठे जाई ऱ्हायनी ते मी काढस. त्याशिवाय ही गाडी आठून हालाव नही."

हिलालने अंदाजाने काम करायचं नाही असं ठरवलं होतं. त्याने हवेच्या दाबाचा एक काटा आणला, इंजिनात हवा शिरते तिथून एक बारीक नळी काढली आणि ती केबिनपर्यंत नेऊन काट्याला जोडली. मग दोघं चढाच्या सुरुवातीपर्यंत गेले. पहिल्या सरळ चढावर दानियलने पूर्ण रेस दिली. अशा इंजिनाला भरल्या गाडीत अठरा-वीस पौंड दाब मिळायला हवा. काटा आठावर गेला आणि तिथेच थरथरत राहिला. त्यापुढे न जाता रुंद जागा बघून त्यांनी गाडी वळवली.

"आठ," हिलाल म्हणाला. परतीच्या वाटेवर त्याने तो आकडा दोनदा पुटपुटला. मनातली शंका आता मोजता येत होती.

गॅरेजात आल्यावर त्याने लोखंडी पाइपचा एक तुकडा घेतला, त्याचं एक तोंड वेल्डिंगने बंद केलं आणि त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि दाबाचा काटा बसवला. हे बूच टर्बोच्या तोंडाच्या होजमध्ये घालून पट्टीने आवळलं. गाडी बंद असतानाच कॉम्प्रेसरने आत हवा भरायची आणि बाहेरून साबणाचं पाणी लावायचं, पंक्चर काढतात तसं. दहा पौंड हवा भरली. दानियल एका बाजूने आणि हिलाल दुसऱ्या बाजूने ब्रश घेऊन प्रत्येक जोडाला फेस लावत गेले. एका पट्टीखाली दोन बुडबुडे आले, ती त्याने बदलली. बाकी कुठे काही नाही.

"काटा तर उतरतोय," दानियल म्हणाला.

"इंजिनना व्हॉल्व्हमधून थोडी हवा जासच. त्यावर जावानं नही."

दुपार झाली. गजराबाईने पाठवलेल्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा दोघांनी ट्रकच्या सावलीत खाल्ला. जेवता जेवता दानियल म्हणाला, "एकजण सांगत होता, इंजिनच्या पंपाचं डिझेल वाढवून घे, गाडी उडेल."

"आजार हवाना, आनि दवाई डिझेलनी?" हिलालने मान हलवली. "आग वाढी, नवा टर्बोबी जळी."

हात धुताना त्याच्या लक्षात आलं, आपण अख्खी वाट एकदम तपासतोय. घरात चोर असेल तर एकेक खोली बंद करत जावं लागतं. हवेची वाट टर्बोपासून निघते, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या इंटरकूलरमध्ये जाते, तिथे थंड होते आणि मग इंजिनात शिरते. त्याने इंटरकूलरची दोन्ही तोंडं होजपासून सोडवली, दोन्हींना बुचं लावली आणि नुसत्या त्याच्यात हवा भरली. दहा पौंडांवर काटा मुंगीच्या पावलाने उतरला. वीस भरले, तर भराभर खाली आला.

आता इंजिनचा व्हॉल्व्ह मधे नव्हता. हवा इथूनच जात होती.

इंटरकूलर काढणं सोपं नव्हतं. पुढची जाळी, बंपरचे बोल्ट, त्यात एक बोल्ट गंजून बसलेला. हिलालने त्याला तेल पाजलं, तापवला, पुन्हा तेल पाजलं. तळहाताची साल निघाली. दानियल म्हणाला, मी करतो, तर हिलालने पाना सोडला नाही. चार वाजता बोल्ट सुटला. दोघांनी इंटरकूलर उचलून मागच्या हौदात बुडवला आणि दानियलने हवा सोडली.

पाणी क्षणभर शांत राहिलं. मग खालच्या कोपऱ्यातून, रेडिएटरकडे लपलेल्या बाजूने, बुडबुड्यांची जाड माळ वर आली. हिलालने पाण्यात हात घातला आणि बोट जोडावर ठेवलं. चीर केसाएवढी होती. दाब कमी असला की मिटलेली, वाढला की उघडणारी. म्हणून रिकाम्या रेसला काही कळत नव्हतं, म्हणून वर्कशॉपला सापडली नव्हती. बोटाला हवेची धार लागत होती. फुस्स ऐकू आलं नाही, पण ते बोटाला कळलं.

"हाई देख," तो म्हणाला आणि दानियलचं बोट धरून तिथे ठेवलं.

चीर का पडली हेही त्याने सोडलं नाही. इंटरकूलर ज्या लोखंडी ब्रॅकेटवर बसतो तिथली रबराची गादी झिजून नाहीशी झाली होती आणि प्रत्येक खड्ड्यात लोखंड ॲल्युमिनियमला धडका देत होतं. नुसतं जोडून दिलं असतं तर महिनाभरात पुन्हा फुटलं असतं. हिलालने जुन्या टायरमधून दोन गाद्या कापल्या. जाळीत चिखल आणि कापसाचं तूस गच्च बसलं होतं, ते पाण्याने आणि मऊ ब्रशने काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इंटरकूलर हिलालच्या मोटारसायकलवर बांधून दानियल नवापूरला रेवजीकडे गेला. रेवजी ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करण्यात पक्का. तो येईपर्यंत हिलालने इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि त्यांना दाबणारे टॅपेट यांच्यातली फट मोजून बरोबर केली. रेवजीच्या हातचा जोड पुन्हा हौदात बुडवला, पंचवीस पौंडांवर पंधरा मिनिटं ठेवला. एकही बुडबुडा नाही.

नव्या गाद्यांवर इंटरकूलर बसवून बारा वाजता गाडी कोंडाईबारीकडे निघाली. माल तसाच भरलेला. हिलाल शेजारी बसला, काटा मांडीवर धरून.

"काय आयकू येस, सांगत जाय," तो म्हणाला.

चढ लागला. दानियलने तिसरा गिअर ठेवला आणि पाय दाबला. काटा आठ ओलांडून गेला. बारा. सोळा. एकोणीसवर काटा स्थिर झाला.

"शिट्टी आहे," दानियल रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "एकच. खाली दुसरा आवाज नाही."

"धूर?"

दानियलने आरशात पाहिलं. "रेस देताना थोडा निघाला. आता नाही."

ते वळण आलं. रस्त्याच्या कडेला चाकाखाली लावलेला दगड तसाच पडला होता. दानियलचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. गाडी तिसऱ्यावरच वळली, वर चढली आणि माथ्यावरच्या सपाटीला लागली. तिथे त्याने गाडी बाजूला घेतली, खाली उतरला आणि बॉनेटवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. हिलालही उतरला.

"आप्पा," दानियल म्हणाला, "त्या दिवशी सांगितलं असतं, तर त्या दिवशीच ही चीर निघाली असती."

"निंघती," हिलाल म्हणाला.

दानियल धुळ्याकडे गेला. हिलाल खाली येणाऱ्या बसने परतला. घरी त्याने गजराबाईला सगळं सांगितलं, दगडासकट. ती म्हणाली, "मी दोन वरीसपासून सांगी ऱ्हायनू." सोमवारी दोघं नंदुरबारला गेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बारीक आवाज परत येणार नाहीत, मशीन लावलं तर बोलणं नीट कळेल. मशीन आलं. इंजिनपाशी ते करकरतं, म्हणून हिलाल काम करताना काढून खिशात ठेवतो.

गेल्या आठवड्यात गुजरातचा एक नवा ड्रायव्हर फाट्यावर थांबला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, इथे कानवाले आप्पा आहेत. त्याने इंजिन सुरू ठेवलं आणि मोठ्या आशेने हिलालकडे पाहिलं.

"माले कमी आयकू येस," हिलाल त्याला म्हणाला. "आवाज तू आयक, आनि जसा येस तसा माले सांग. बाकी मी देखस." आणि काटा आणायला आत गेला.