वगळलेला नंबर

ऑफिसात सगळे तिला काकू म्हणत. पन्नाशी ओलांडलेली, कामाला वाघ आणि तोंडाने फटकळ. रुग्णांना तपासणीची आठवण करून देणारी ही अख्खी प्रणाली चौदा वर्षांपूर्वी तिनेच पहिल्या ओळीपासून लिहिली होती. उद्या तपासणी असली की आज चार वाजता रुग्णाच्या घरी फोन जातो, एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज तारीख आणि वेळ सांगतो, आणि नोंदीत 'पूर्ण' असं लिहिलं जातं. काम एवढंच, पण सात रुग्णालयं त्यावर विसंबून होती.

दीड वर्षापूर्वी आई गेली आणि काकूचा फटकळपणाही गेला. यायची, बसायची, दिलेलं काम उरकायची, डबा अर्धा खाऊन परत न्यायची. ऑफिसातली पोरं म्हणायची, काकू हल्ली शांत झाल्यात. शांत कसली डोंबलाची! दाढ काढण्याआधी इंजेक्शन दिलं की गाल आपला आहे की शेजाऱ्याचा हे कळत नाही, तशी ती अख्खीच बधिर झाली होती.

कंपनीने वर्षभरापूर्वी प्रोग्राममधल्या चुका शोधणारा एआय सहाय्यक आणला. पोरांनी त्याचं नाव ठेवलं जावईबापू. बसल्या जागी दुसऱ्याच्या घरातल्या चुका काढायच्या आणि वर बोलणं मात्र असं मधाळ की रागावायचीही सोय नाही. काकूला त्याचं कौतुकही नव्हतं आणि रागही नव्हता. तिला कशाचंच काही नव्हतं.

सोमवारी सकाळी तक्रार आली. एका शिक्षिकेला सहा महिन्यांत एकही फोन आला नव्हता आणि नोंदीत मात्र सगळे फोन 'पूर्ण'.

"काकू, तुमचंच बाळ आहे, तुम्हीच बघा," टीम लीडर म्हणाला. तो तिच्या भाच्याच्या वयाचा होता, पण वागायला भला.

दोन तास तिने तारखा तपासल्या, वेळा तपासल्या, फोन कंपनीकडून आलेली उत्तरं एकेक करून वाचली. मग कंटाळून सगळं जावईबापूंच्या पुढ्यात टाकलं. चाळीस सेकंदांत उत्तर आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

'फोन लावण्याआधी प्रणाली चार क्रमांकांची एक यादी तपासते,' पडद्यावर अक्षरं उमटली. 'त्या क्रमांकांना फोन न लावता ती थेट "पूर्ण" अशी नोंद करते. शिक्षिकेचा क्रमांक या यादीत आहे. ही यादी सुरुवातीच्या चाचण्यांच्या वेळची असावी.'

होती खरी. तेव्हा चाचणीसाठी खरे फोन लावावे लागत, आणि ओळखीच्याच माणसांना छळता येतं; ती कंटाळली की त्यांचा नंबर या वगळायच्या यादीत जाई. त्यातला एक नंबर तिच्या जुन्या सहकाऱ्याचा. त्याने नोकरी सोडली, नंबरही सोडला, आणि फोन कंपनीने तो फिरून या शिक्षिकेला दिला. कोडं सुटलं. काकूने यादी उघडली आणि चौथा नंबर वाचला. वाचायची गरज नव्हती, तो तिला लहानपणापासून पाठ होता. तिच्या माहेरच्या घरातला, दिवाणाशेजारच्या स्टुलावरचा फोन.

आईला तेव्हा दिवसाला तीस-तीस फोन जायचे. आई प्रत्येक उचलायची आणि त्या रेकॉर्ड केलेल्या बाईला म्हणायची, "हो बाई, येते हो उद्या." चौथ्या दिवशी तिने लेकीला बजावलं, "तुझ्या त्या भवानीला सांग, दुपारची जरा पाठ टेकू दे मला." काकू पोट धरून हसली होती, आणि तिने घरचा नंबर यादीत टाकला होता. नंतर काढायचा म्हणून.

खाली जावईबापूंनी अदबीने विचारलं होतं, 'या यादीमुळे आणखी कोणाचे फोन राहिले आहेत का, ते पाहू का?'

तिने 'हो' लिहिलं.

'आणखी एक रुग्ण आहे. नाव नोंदल्यापासूनच्या अकरा महिन्यांत नऊ फोन लागलेले नाहीत. हा रुग्ण आता सक्रिय नाही. यादीतली ही ओळ तुमच्याच खात्यावरून लिहिलेली दिसते. सोबतची टीप: "आईचा नंबर वगळला. झोपू देत नाही म्हणते."'

अशा वेळी पायाखालची जमीन सरकते म्हणतात. काकूच्या पायाखाली करडा गालिचा होता आणि तो होता तिथेच राहिला. तिने कागदी कपातला थंड चहा संपवला.

नऊपैकी आठ फोनांची कुणाला गरज नव्हती. आई आपल्या तारखा स्वतः कॅलेंडरवर लिहायची आणि वेळेआधी तासभर तयार होऊन बसायची. नवव्या वेळी डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी वाढवली आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास रक्त तपासायचं ठरवलं. काउंटरवरची बाई म्हणाली, नक्की तारीख फोनवर कळेल. ती कळली नाही. अकराव्या दिवशी आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला.

घरी आईजवळ होती ती धाकट्या भावाची बायको. ती छातीवर हात ठेवून सांगत होती, फोन आला नाही. तेव्हा काकूने काय करावं? लॅपटॉप उघडून भावाला नोंद दाखवली. वार, वेळ, चार वाजता, 'पूर्ण'. "माझी सिस्टीम खोटं बोलत नाही," ती म्हणाली होती. खापर भावजयीच्या डोक्यावर फुटलं आणि तिथेच राहिलं. भाऊ तेव्हापासून बायकोशी मीठ-भाजीपुरतं बोलायचा. भावजय काही आठवडे 'नाही आला, नाही आला' म्हणत राहिली, मग एक दिवस म्हणायची थांबली. काकूने मनात म्हटलं होतं, बघा, पटलं शेवटी.

जावईबापूंनी दुरुस्ती तयार ठेवली होती आणि सोबतची टीपही: 'जुनी चाचणी यादी काढली.' चारच शब्द. एक बटण दाबलं की विषय मिटला. ना शिक्षिका पुढे विचारणार, ना रुग्णालय. काकूने दुरुस्ती ठेवली, टीप पुसली, आणि तिथे दोन्ही रुग्णांचं लिहिलं. यादी कुणी केली तेही लिहिलं.

टीम लीडरने वाचलं आणि खुर्ची ओढून जवळ आला. "काकू, दुसऱ्या रुग्णाचं लिहायलाच हवं का? त्यांनी कुठे विचारलंय?"

"ती माझी आई होती."

तिने अर्ध्या दिवसाची रजा मागितली, तर मान हलवून तो उठला आणि तिच्यासाठी लिफ्टचं बटण दाबून उभा राहिला.

माहेरी भावजय वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. "ताई! या वेळेला? बरं आहे ना सगळं?"

"बस जरा. सांगायचंय." वाटेत जुळवलेली वाक्यं काकूला काही आठवेनात, म्हणून तिने सरळच सांगितलं. "आईच्या शेवटच्या तपासणीचा फोन आलाच नव्हता. माझ्या प्रोग्राममध्ये चूक होती. मी केलेली. तू खरं सांगत होतीस."

भावजयीने हातातला टॉवेल घडी करून ढिगावर ठेवला. "नाही ताई," ती म्हणाली. "आला होता."

"अगं, नाही आला. मी आज पाहिलं."

"आला होता हो. मी कपडे आत आणत होते, असेच, दोन्ही हात भरून. खांद्याने रिसीव्हर धरला. ती बाई म्हणाली, उद्या सकाळी नऊ वाजता. मी बरं म्हटलं, आणि कपडे ठेवता ठेवता विसरले." तिचा आवाज पाठ केलेल्या धड्यासारखा सपाट होता. "पहिल्यांदा मला आठवत नव्हतं. पण तुमच्या नोंदीत होतं ना. मग मी आठवत गेले, आठवत गेले, आणि आठवलं. ह्यांनाही मी सांगून टाकलं, हो, घेतला होता मी. म्हणून तर…" तिने ढिगातला पुढचा कपडा ओढला.

काकूने लॅपटॉप उघडला. चार नंबर दाखवले, चौथ्यावर बोट ठेवलं. प्रणालीने त्या दिवशी हा नंबर फिरवलाच नव्हता, हे ओळ न् ओळ वाचून दाखवलं. तिला वाटलं होतं, इथे तरी आपल्याला रडू येईल. आलं नाही. भावजयीचे ओठ मात्र थरथरत होते, आणि ते बघताना काकूला स्वतःची लाज वाटली. दीड वर्षात वाटलेली पहिली गोष्ट तीच.

"मग त्या बाईचा आवाज?" भावजय म्हणाली. "तो मी रोज ऐकते. तो कुठला?"

"तो मी तुझ्या डोक्यात घातला."

भावजय पडद्याकडे बघत राहिली. "मी नाही मारलं त्यांना?"

"नाही गं. तू नाही."

भाऊ सहाला कामावरून येणार होता. काकू म्हणाली, त्याला मीच सांगते, तू आत जा हवं तर. भावजय आत गेली नाही. ती राहिलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती आणि मध्येच थांबून विचारत होती, "ताई, नक्की नव्हता आला?" भाऊ दारात येईपर्यंत तिने सात वेळा विचारलं, आणि काकूने सातही वेळा पहिल्यापासून सांगितलं.